मुहूर्तावर उघडणारा पडदा

जोमादादा म्हात्रे पेणच्या खाडीकडच्या त्याच्या गावात कुजबुजला, की रोह्यातले लोक म्हणायचे, ‘जरा हळू बोल की.’ यात अतिशयोक्ती असलीच तर चार-दोन किलोमीटरची असेल, जास्त नाही. बापाच्या मिठागरावर वाढलेला माणूस. एका बांधावरून दुसऱ्या बांधावरच्याला ‘पानी सोड रंऽ’ असं ओरडून सांगण्यात ज्याचं बालपण गेलं, त्याच्या घशात परमेश्वर सामानच वेगळं बसवतो. पहिल्यांदा नाटकात उभा राहिला तेव्हा त्याच्यासमोर माईक ठेवला होता. दादाने पहिलं वाक्य टाकलं आणि मंडपवाला येऊन माईक घेऊन गेला. म्हणाला, ‘इथं याचा अपमान होतोय.’

आमची नाटक मंडळी पेण आणि रोहा अशी दोन गावांची मिळून होती. कारण साधं. पेणात नट होते आणि रोह्यात पडदा होता. एका रविवारी तालीम इकडे, पुढच्या रविवारी तिकडे. रोहेकर म्हणायचे, ‘पेणची माणसं त्यांच्या पापडासारखी, जरा ऊब लागली की फुगतात.’ पेणकर म्हणायचे, ‘रोह्याची माणसं त्यांच्या नदीसारखी, वरच्या धरणातून कोणी सोडल्याशिवाय हलत नाहीत.’ दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, त्यामुळे भांडण कधी मिटलं नाही आणि मंडळी कधी मोडली नाही. आमचा रंगभूषाकार वर्षाचे आठ महिने कारखान्यात गणपती रंगवायचा. त्यामुळे आमच्या खलनायकाच्या डोळ्यांतही भक्तांविषयी अपार करुणा असे. नायकाचं काम करणारे दोघे डोलवीला कंपनीत, त्यामुळे नायक शिफ्टप्रमाणे बदलायचा. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात उंच नायक, सेकंड शिफ्टच्या आठवड्यात टकला. नायिकेला कोणाच्याही प्रेमात पडायची सवय झाली होती. मी स्वतः पोलीस, घरगडी आणि पाऊस अशी तीन कामं करायचो. पाऊस म्हणजे विंगेत पत्रा हलवायचा.

आणि या सगळ्यावर दिग्दर्शक म्हणून जोमादादा. बुटका, रुंद, मिशा अशा की त्यावर ओले कपडे वाळत घालावेत. बारा महिने हातात छत्री. ती उघडलेली कोणी पाहिली नाही. तिच्या टोकाने तो नटांना इकडून तिकडे सरकवायचा, कॅरममधल्या सोंगट्या सरकवतात तसा.

त्याचा एक प्रश्न होता. कोणीही भेटो, दादा आधी विचारायचा, ‘कोणाचा रं तू?’

आपल्याकडे हा प्रश्न सगळेच विचारतात, पण दादा उत्तर मिळेपर्यंत सोडत नसे. एकदा वडखळ नाक्याला पोलिसाने त्याची मोटरसायकल अडवली. ‘लायसन दाखवा.’ दादा म्हणाला, ‘दाखवतंव. कोणाचा रं तू?’ पोलीस आधी रागावला. मग गावाचं नाव निघालं, मग मामाचं, मग मामाच्या साडूचं. दहा मिनिटांनी पोलीस दादाच्या चुलत मेहुण्याचा भाचा निघाला आणि त्याने वाकून नमस्कार केला. मागे ट्रेलरची रांग पार पेणपर्यंत गेली होती. त्या रांगेतल्या पहिल्या ड्रायव्हरलाही दादाने तोच प्रश्न विचारला. तो बिहारचा होता. तरी सुटला नाही. त्याच्या शेटजींचा मुनीम दादाच्या गावात मीठ न्यायला यायचा, असं निघालंच.

तर असा हा माणूस चाळीसेक वर्षं दिवाणखान्यातली नाटकं बसवत होता. मध्ये सोफा, डावीकडे टेलिफोन, उजवीकडे जिना, आणि ‘अगं, चहा टाक’ म्हणणारे निवृत्त न्यायाधीश. एका रविवारी रोह्याला तालीम सुरू असताना दादा थांबला. छत्री सोफ्यावर आपटली. सोफ्यातून धूळ उठली ती नदीवरच्या अष्टमीच्या पुलापर्यंत गेली.

‘उठा सगली,’ तो म्हणाला. ‘आयुष्यभर दुसऱ्याच्या दिवाणखान्यात बसलाव आपन. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असा सोफा हाय? जिना हाय? जज हाय?’

‘माझ्याकडे सोफा आहे,’ इक्बालभाई म्हणाले.

इक्बालभाई आमच्या रोह्याच्या शाखेचे प्रमुख. अर्धं आयुष्य आखातात काढून आलेले, आता बाजारात भांड्यांचं दुकान. नाटकात नेहमी न्यायाधीश.

‘मंग हा पन घेऊन जा,’ दादा म्हणाला. ‘आजपासून आपल्या नाटकांत आपली मानसं. लोक नाटक बघून बाहेर पडतील तवा त्यांनी एकमेकांना इचारला पायजे, कोणाचा रं तू?’

तेच त्या हंगामाचं नाव पडलं. ‘कोणाचा रं तू?’ तीन नाटकं, प्रत्येकाचा एकेक प्रयोग पेणला आणि रोह्याला.

पहिलं नाटक इक्बालभाईंचं. आखातात निघालेला बाप, मागे राहिलेलं घर. तिसऱ्या अंकात इक्बालभाई बॅग घेऊन निघतात, बायकोकडे वळून पाहतात आणि पडदा. रोह्याच्या प्रयोगाला ते बॅग घेऊन वळले, तो पहिल्या रांगेतून एक बाई उठून थेट स्टेजवर आली. तिने सोड्यांचं, म्हणजे सुक्या कोळंबीचं, पुडकं त्यांच्या हातात दिलं. म्हणाली, ‘भाई, माझा फरहान तिकडेच आहे. एवढं पोचतं करा.’ ते ‘अहो, हे नाटक आहे’ म्हणेपर्यंत दुसरी आली, तिसरी आली. लोणचं आलं, खारवलेले बोंबील आले, एका आजीने तर गोधडी आणली. इक्बालभाई पडद्याआड आले तेव्हा गाढवासारखे लादलेले होते. चिडून म्हणाले, ‘जोमा, आता मला खरंच जावं लागणार!’ आणि पुढच्या महिन्यात कोणा ओळखीच्या माणसाबरोबर त्यांनी ते सगळं पाठवलं, गोधडीसकट.

दुसरं नाटक गणपतीच्या कारखान्यातलं. आमचा रंगभूषाकार त्यात मागे बसून खऱ्या मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत असे. पेणच्या प्रयोगाला नाटक संपलं, दादाने पडद्याला इशारा केला, तर हा मागून ओरडला, ‘एक डोळा उघडलाय, दुसरा राहिलाय! पडदा कसा पाडता?’ पेणचेच प्रेक्षक ते. एकही माणूस उठला नाही. दुसरा डोळा उघडेपर्यंत सगळं थिएटर श्वास रोखून बसलं, आणि मग जी टाळी पडली, ती आमच्या कुठल्याच नायकाला आजवर मिळालेली नाही.

दादा खूश होता. त्याचा सिद्धांतच तयार झाला होता. ‘आपल्या लोकांना नाटक कलत नाय,’ तो म्हणायचा, ‘त्यांना फकस्त खरा कलतो. मंग आपन खराच दाखवू.’

तिसरं नाटक आगरी लग्नाचं. त्यात धवला हवा होता.

आमच्याकडे जुन्या पद्धतीच्या लग्नात भटजीच्या आधीपासून धवलारणीचा मान. ती म्हातारी मांडवात पाटावर बसते आणि हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं म्हणते. ना पेटी, ना ढोलकी. ते गाणं म्हणजे धवला. आता हळदीला ट्रक भरून डीजे येतो आणि त्याच्या स्पीकरच्या भिंतीपुढे म्हातारीचं कोण ऐकतं? दादाची आत्या हौसाबाई ही त्यांच्या गावातली शेवटची धवलारीण. आजूबाजूच्या गावांतली अर्धी लग्नं तिने लावलेली. गेली कित्येक वर्षं तिला कोणी बोलावलंच नव्हतं. ओटीवर सुकट निवडत बसायची आणि कावळ्यांशी भांडायची. तिचे धवले तिच्या तोंडात होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. दादाला ते एकदा तरी भरल्या माणसांत ऐकू यायला हवे होते, ती आहे तोवर. इतकी वर्षं दुसऱ्यांची वाक्यं पाठ करून घेतली आणि घरातलं गाणं तसंच मुकं राहिलं, हे त्याला खुपत होतं. हे त्याने मला बोलून दाखवलं नाही. पण आत्याकडे जाताना त्याने छत्री घरी ठेवली, यावरून मी समजलो.

‘आत्ये, फकस्त पाच मिन्टा,’ दादा म्हणाला. ‘नवरा-नवरी उबी राहतील, तू धवला म्हन.’

‘नवरा कोणाचा?’

‘कोणाचाच नाय. नाटकातला.’

‘आनि नवरी?’

‘ती रोह्याची. ब्यांकेत हाय. तिला दोन पोरा हायत.’

आत्याच्या हातातली सुकट सुपात पडली. ‘दोन पोरांच्या आयशीचा लगीन लावू मी? परक्या बाप्याशी? तुजी अक्कल भरतीला गेली काय रं? धवला म्हंजे कंपनीचा भोंगा वाटला तुला, दाबला का वाजला?’

‘आगो, खोटा खोटा...’

‘खोटा धवला नसतो, जोम्या. धवला लागला का लगीन लागला. मागं फिरवाचा मंतर मना येत नाय.’

जोमादादा गप्प बसलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. शेजारपाजारचे लोक बघायला आले, काय झालं म्हणून.

मग तो उठला. म्हणाला, ‘तू म्हनशील. खऱ्या लग्नात म्हनशील, आनि माज्याच नाटकात म्हनशील. तोपर्यंत माज्या ताटात मासली नाय.’

आता हे वाचून पुण्याचा माणूस म्हणेल, त्यात काय. त्याला सांगून उपयोग नाही. आमच्याकडे माणूस बायकोशी अबोला धरेल, भावाशी कोर्टात जाईल, पण मासळी सोडायची म्हणजे संन्यासच. दादाने डाळीवर जेवायला सुरुवात केली आणि आठवड्यात त्याची मिशी उतरली. कोळीण दारावरून जाताना टोपली झाकून न्यायची. गावातल्या मांजरांनी त्याच्याकडे जायचं सोडलं.

मग सुरू झाली खऱ्या लग्नाची शोधाशोध. डोलवीला कंत्राटावर काम करणारा नीलेश नावाचा पोरगा, त्याचं खांब गावच्या मुलीशी जमलेलं. दादा नीलेशच्या बापाकडे जाऊन बसला. हॉल फुकट, लायटिंग फुकट, नवरीचा मेकअप फुकट, भरलेलं थिएटर फुकट.

‘आनि डीजे?’ बाप म्हणाला.

‘डीजे नाय. हौसाआत्या.’

‘डीजे नाय म्हंजे? लोक काय बोलतील?’

‘तुज्या लग्नात काय होता?’

‘हौसाआत्याच होती.’

‘मंग? टिकला ना लगीन?’

बापाने आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. ‘टिकला? सुटतच नाय!’

आतून बायकोचा आवाज आला, ‘ऐकलाय मी! हो म्हना त्यांना, पोराचा पन नको सुटायला!’

झालं. ठरलं. दादाची योजना अशी, की पहिले दोन अंक आमच्या नटांनी करायचे. तिसऱ्यात अंतरपाट धरला, की नट-नटी त्याच्या मागून पसार आणि खरे नवरा-नवरी त्यांच्या जागी. पेणचा प्रयोग गोरज मुहूर्तावर लागला. जाहिरातीत आम्ही वेळ छापलीच नाही, मुहूर्त छापला.

अंतरपाट धरला गेला. आत्या पाटावर बसली. तिने एकदा नवरा बघितला, एकदा नवरी बघितली, हाताने चाचपूनही बघितली. मग तोंड उघडलं.

‘भरतीच्या पान्याला येऊ दे गो वारा,
नवऱ्याच्या माथ्याला मिठाचा तुरा...’

पहिल्यांदा आठव्या रांगेतली एक म्हातारी उभी राहिली. मग मागची. मग बाल्कनीतल्या दोघी. त्या ओळ उचलायला लागल्या. ज्यांचे ओठ वर्षानुवर्षं नातवंडांची नावं घेण्यापलीकडे हलले नव्हते, त्या बायका शब्दाला शब्द जोडत होत्या, मध्येच चुकत होत्या, एकमेकींना कोपर मारत होत्या. मी विंगेत पत्रा धरून उभा होतो. नाटकात पाऊस नव्हता, तरी धरला होता. हाताला काहीतरी हवं होतं.

अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या, पडदा पडला. आणि एकही माणूस हलेना. उलट रांग लागली. बायका स्टेजवर चढून नवरीला आहेर करू लागल्या. स्टीलचे डबे, कळशा, साड्या. माझ्या पोलिसाच्या टोपीतही कोणीतरी नारळ ठेवला. मग मागून एक खणखणीत आवाज आला, ‘लगीन झाला, आता जेवान कुठं हाय?’

हा विचार आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आला नव्हता. कॅन्टीनमध्ये वडे होते, तेही मध्यंतरातले उरलेले. दादा पडद्यापुढे जाऊन म्हणाला, ‘मंडळी, हे नाटक आहे...’ आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज कोणापर्यंत पोहोचला नाही. नवऱ्याचे काका बाह्या सारत पुढे आले. ‘आमाला उपाशी पाठवतोस? कोणाचा रं तू?’

त्याच क्षणी हॉलच्या दाराशी टेम्पो उभा राहिला. इक्बालभाई उतरले, मागून बिर्याणीचे देग उतरले. देग एवढे मोठे, की एक उतरवायला शिडी लावली.

‘मला माहीत होतं,’ इक्बालभाई म्हणाले. ‘आपल्या लोकांना लग्न दाखवलंस आणि जेवण नाही दाखवलंस, तर चौथा अंक ते तुझ्या पाठीवर करतील.’ आणि दादाला बाजूला घेऊन त्यांनी एक वेगळा डबा उघडला. त्यात खाडीतल्या जिताडा माशाचं कालवण होतं. दादा तिथेच, तिकीट खिडकीला टेकून, उभ्याने जेवला. डोळ्यांतून धारा. ‘काटा लागला,’ म्हणाला. जिताड्याला मोजून काटे असतात, हे आम्हाला माहीत होतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आत्याने दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला, ‘पुढचा लगीन कवा?’

आणि मग लोकच आपापली लग्नं घेऊन यायला लागले. आमचा हंगाम दिवाळीनंतर सुरू झाला होता, तो लग्नसराई संपेपर्यंत हटला नाही. नाटकाच्या तारखा पंचांगावरून लागायच्या. नायकाची शिफ्ट विचारायच्या आधी नवरीची पत्रिका विचारावी लागे. मुंबईहून एक समीक्षक आले. त्यांनी लिहिलं, ‘नवोदित कलाकारांचा अभिनय अत्यंत नैसर्गिक, मात्र नवरीच्या आईचं रडणं थोडं जास्त झालं.’ ते कात्रण दादाने त्या आईलाच नेऊन दिलं. तिने फ्रेम केलं.

शेवटचा प्रयोग रोह्याला. हॉल भरलेला, नवरी सजलेली, मुहूर्त जवळ आलेला, आणि आत्याचा आवाज गेला. ताप होता. तोंड उघडलं की वाराच यायचा. ती शाल गुंडाळून विंगेत पाटावर बसली होती आणि ओठ हलवत होती, खाडीतून वर काढलेल्या माशासारखे.

‘आता?’ इक्बालभाई म्हणाले.

दादा म्हणाला, ‘मना येतात. सगले. पडद्यामागं बसून तिच्याबरोबर म्हनत होतो ना मी.’

नवरीच्या आईने ऐकलं आणि ती उसळली. ‘बाप्या मानूस धवला म्हनल? ओ दादा, आमच्या पोरीचा लगीन हाय, तुमचा नाटक नाय!’

तिचं बरोबर होतं. धवला बाईनेच म्हणायचा, हे दादाला आमच्यापेक्षा जास्त माहीत. पोरीचं लग्न मुकं लागणार की मोडणार, हे त्या एका क्षणावर होतं, आणि आत्याचं गाणं आत्याबरोबरच जाणार की काय, हेही. त्याने आत्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. आत्याने एकदा नवरीच्या आईकडे पाहिलं, एकदा भाच्याकडे. मग पाटावर थोडी सरकली आणि रिकाम्या जागेवर हात आपटला.

दादा जाऊन बसला. तेवढ्याशा पाटावर ती दोघं मावणं शक्य नव्हतं, तरी मावली. आणि तो गायला. खरं सांगतो, तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. इतका हळू, की शेवटच्या रांगेतली माणसं उठून पुढे येऊन बसली. आत्या त्याच्या मांडीवर बोटांनी ताल धरत होती. चुकला की चिमटा काढायची. तीन चिमटे बसले, तिन्ही योग्य जागी. नवरीची आई आधी तोंड फिरवून उभी होती. पाठवणीच्या धवल्याला ती दादाच्या शेजारी येऊन बसली आणि रडली. जास्तच रडली, पण तेव्हा लिहायला कोणी समीक्षक नव्हता.

पावसाळ्याच्या तोंडावर आत्या गेली. मंडळी हळूहळू पांगली. इक्बालभाई मुलाकडे गेले, उंच नायकाची बदली झाली. रोह्याचा पडदा कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही. दादाचा फोन लागायचा बंद झाला. आम्ही म्हणालो, म्हाताऱ्याने नाटक सोडलं.

परवा रोह्याहून पेणला येत होतो. खांबच्या पुढे हायवेवर सगळं ठप्प. गाडी एका मांडवाच्या बरोबर समोर अडकली. आत अंतरपाट धरलेला, अलीकडे नवरा, पलीकडे नवरी, भटजी घड्याळाकडे बघतोय. पाटावर एक तरुण बाई बसली होती, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच लटकलेलं, बहुतेक शिफ्टवरून थेट आली होती. ती धवला म्हणत होती. शेजारी मांडी घालून जोमादादा.

मध्येच त्याने हात वर केला. बाई थांबली. भटजी थांबला. सगळा मांडव थांबला.

‘ती ओल घाईत गेली,’ दादा तिला म्हणाला. ‘पुन्ना घे. वरपासून.’

‘आवो दादा, मुहूर्त...’ नवरदेव अंतरपाटावरून डोकावला.

‘तू गप उबा राह. तुजा एकदाच हाय, तिला अजून लय लग्ना लावाची हायत.’

बाईने पदर सारखा केला आणि वरपासून घेतलं. दादाने डोळे मिटले. माझ्यामागे हॉर्न वाजायला लागले, पुढची गाडी कधीच निघून गेली होती.